लॅटिनच्या वाटेने इंग्रजी शब्दांकडे : एटिमऑनलाइन या विनामूल्य व्युत्पत्तिकोशाचे परीक्षण

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा म्हटले की मराठी विद्यार्थ्याच्या हाती बहुधा एक यादी येते. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि पाठांतराची सक्ती. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत याच्या जोडीला लॅटिन धातू आणि उपसर्ग यांची दोन-तीन पाने असतात खरी. पण तीही शेवटी यादीच. ‘पोर्ट म्हणजे वाहणे, ड्यूक म्हणजे नेणे, सब म्हणजे खाली’ एवढे पाठ करून सपोर्ट या शब्दात ‘सब’ कुठे गेला, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. हे उत्तर ज्याला हवे आहे, त्याच्यासाठी एटिमऑनलाइन हा महाजालावरचा इंग्रजी व्युत्पत्तिकोश आज सहज मिळणाऱ्या साधनांत सर्वांत उपयोगी आहे, असे माझे मत आहे. मात्र तो अभ्यासक्रम नाही, आणि तसा समजून वापरला तर निराशा होईल.

अमेरिकेतील डग्लस हार्पर यांनी या शतकाच्या आरंभापासून हा कोश प्रामुख्याने एकट्याने उभा केला. त्यात आज सुमारे ५० हजार शब्दांच्या नोंदी आहेत. स्वतंत्र संशोधनाचा दावा त्यात नाही. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश आणि इतर मान्यवर व्युत्पत्तिकोश यांतील माहिती एकत्र करून, तपासून, थोडक्यात मांडणे हे त्याचे स्वरूप आहे. वाचण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, आणि संगणकाइतक्याच सोयीने तो मोबाइलवरही पाहता येतो.

एका नोंदीत काय मिळते, ते इम्पीड या शब्दावरून पाहता येईल. अर्थकोश सांगतो : अडथळा आणणे. या कोशातील नोंद सांगते की हा शब्द लॅटिनमधील इम्पेदिरे या क्रियापदापासून आला असून त्याचा शब्दशः अर्थ पायात बेडी अडकवणे असा आहे. ‘इन्’ म्हणजे आत आणि ‘पेस, पेदिस’ म्हणजे पाऊल. एखाद्याच्या पायात खोडा घालणे हे बोलणे ज्याने लहानपणापासून ऐकले आहे, त्याला यापुढे इम्पीडचा अर्थ पाठ करावा लागत नाही. नोंदीतले दुवे धरत पुढे गेले की एक्स्पिडाइट समोर येतो. तेथे ‘इन्’च्या जागी ‘एक्स’, म्हणजे बाहेर; पाय बेडीतून मोकळे करणे, आणि त्यावरून कामाला गती देणे. अर्थाने परस्परविरुद्ध असलेले हे दोन शब्द एकाच पायाभोवती फिरतात, हे यादीत कधीच दिसत नाही, कारण वर्णानुक्रमाने एक ‘ई’खाली असतो आणि दुसरा ‘आय’खाली. पुढे पेडेस्ट्रियन, पेडल, सेंटिपीड अशी मंडळी येतात, आणि या सर्वांच्या मागे जाणाऱ्या दुव्यावर संस्कृतातील ‘पद’ही भेटते. पीडियाट्रिक मात्र या कुटुंबात नाही. तेथील ‘पीड’ ग्रीक भाषेतील बालकवाचक शब्दाचा आहे. तयार याद्यांत हे दोन ‘पेड’ अनेकदा एकाच ओळीत कोंबलेले असतात. या कोशात ती गल्लत होत नाही.

माझ्या मते या सेवेचे खरे मोल उपसर्गांच्या नोंदींत आहे, आणि मराठी वाचकाला त्या इतर कुणाहीपेक्षा लवकर उमगाव्यात. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार या शब्दांत ‘हृ’ हा एकच धातू असून केवळ उपसर्ग बदलल्याने अर्थ पाच दिशांना जातो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. लॅटिनचे तंत्र हेच आहे. ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणे. त्यापूर्वी ‘इन्’ आले की इम्पोर्ट, ‘एक्स’ आले की एक्सपोर्ट, ‘ट्रान्स’ आले की ट्रान्सपोर्ट, ‘रे’ आले की रिपोर्ट, म्हणजे परत वाहून आणलेली बातमी. मराठीत इम्पोर्ट-एक्सपोर्टसाठी रूढ झालेले आयात आणि निर्यात हे शब्दही उपसर्ग आणि धातू यांच्याच जोडणीतून आले आहेत. धातू तेवढा वाहण्याऐवजी जाण्याचा आहे.

आता सपोर्टमधल्या हरवलेल्या ‘सब’विषयी. कोशातील नोंद सांगते की ‘सप’ हे ‘सब’चेच रूप आहे आणि पुढच्या ‘प’मुळे ‘ब’चा ‘प’ झाला. या बदलाला तेथे ‘असिमिलेटेड फॉर्म’ म्हटले आहे. ही संज्ञा नवख्याला बिचकवते, पण व्यंजनसंधी शिकलेल्याला तिचे काहीच अप्रूप वाटू नये. सत् आणि जन मिळून सज्जन होतो, उत् आणि लंघन मिळून उल्लंघन होते, तत् आणि लीन मिळून तल्लीन होते. तसेच ‘सब’ पुढच्या व्यंजनाप्रमाणे सक्सीडमध्ये ‘सक’, सफरमध्ये ‘सफ’ आणि सजेस्टमध्ये ‘सग’ होतो. ‘कॉम’ हा उपसर्ग कलेक्टमध्ये ‘कॉल’ आणि करेक्टमध्ये ‘कॉर’ होतो. सर्वांत बहुरूपी ‘अॅड’. अफेक्ट, अल्यूड, अनेक्स, अपिअर, असिस्ट, अट्रॅक्ट या सर्वांच्या आरंभी तोच आहे, आणि प्रत्येक ठिकाणी त्याने पुढच्या व्यंजनाचा वेष घेतला आहे. अराइव्हही त्यातलाच. त्याच्या मुळाशी ‘अॅड रिपाम’, म्हणजे काठाकडे, असे शब्द आहेत. एके काळी अराइव्ह होणे म्हणजे नावेतून किनाऱ्याला लागणे होते.

हे समजून घेण्याचा व्यावहारिक लाभ स्पेलिंगमध्ये मिळतो, आणि तो लहान नाही. अकॉमोडेशन हा शब्द आपल्याकडे लॉजच्या पाट्यांपासून सरकारी परिपत्रकांपर्यंत नाना प्रकारे लिहिलेला आढळतो. त्याची नोंद उघडून पाहावी. आधी ‘अॅड’, मग ‘कॉम’, मग माप किंवा रीत या अर्थाचा ‘मोदुस’. ‘अॅड’ पुढच्या ‘सी’शी एकरूप झाला म्हणून ‘सी’ दोन. ‘कॉम’चा ‘एम’ आणि ‘मोदुस’चा ‘एम’ शेजारी आले म्हणून ‘एम’ही दोन. रेकमेंडमध्ये मात्र ‘रे’ आणि ‘कॉम’ यांच्यामध्ये ‘अॅड’ नाही, म्हणून ‘सी’ एकच आणि ‘एम’ दोन. हा हिशेब एकदा उलगडला की स्पेलिंग लक्षात ठेवण्याच्या गमतीदार युक्त्यांची गरज उरत नाही. उलट दिशेचे उदाहरण एक्स्पेक्टचे आहे. ‘एक्स’ आणि ‘स्पेक्तारे’ यांची जोडणी झाल्यावर ‘एक्स’मधला ‘स’ आणि धातूचा ‘स’ एकमेकांत मिसळले आणि लिहिताना धातूचा ‘एस’ गळून गेला. त्यामुळे इन्स्पेक्ट, रिस्पेक्ट, सस्पेक्ट यांच्या पंगतीत हा शब्द बसतो, हे डोळ्यांना दिसत नाही. एक्झिस्ट आणि एक्झिक्यूट यांचीही हीच कथा आहे.

धातूंची स्वतंत्र पाने हा या कोशाचा दुसरा मोठा विभाग. इंग्रजी शब्दाच्या नोंदीच्या शेवटी तारकाचिन्ह असलेले एक रूप दिसते. ते प्राचीन इंडो-युरोपीय भाषेतील मानलेले मूळ असते, आणि त्यावर गेले की त्या मुळापासून निघालेल्या इंग्रजी शब्दांची यादी व भगिनीभाषांतील पुरावा एकत्र वाचायला मिळतो. ‘स्पेक’ या पाहणेवाचक मुळाचे पान मी प्रत्येकाला आधी वाचायला सांगेन. लॅटिनमधील ‘स्पेकेरे’ येथूनच आले. इन्स्पेक्ट म्हणजे आत पाहणे, रिस्पेक्ट म्हणजे वळून पाहणे, डिस्पाइज म्हणजे वरून खाली पाहणे, सर्कम्स्पेक्ट म्हणजे चौफेर पाहणारा. सस्पेक्टमध्ये तर खालून वर, चोरट्या नजरेने पाहणे आहे. स्पिसीज आणि स्पाइस हे दोन शब्दही येथेच भेटतात : दिसणारे रूप, त्यावरून प्रकार, त्यावरून मालाचा प्रकार आणि शेवटी मसाल्याचा जिन्नस, असा प्रवास करून स्पाइस आजच्या अर्थाला पोहोचला आहे. ग्रीक भाषेत याच मुळातील व्यंजनांची अदलाबदल होऊन ‘स्कोप’ झाले, म्हणून टेलिस्कोपही या घरचा. संस्कृतच्या बाजूला ‘पश्यति’ आणि हेर या अर्थाचा ‘स्पश’ हे शब्द येतात. आपण रोज वापरतो तो ‘स्पष्ट’ हा शब्दही त्याच धातूचा आहे. जे नीट पाहिले गेले, ते स्पष्ट.

असाच आनंद ‘जुंपणे’ या अर्थाच्या मुळाच्या पानावर मिळतो. लॅटिनमध्ये ‘युगुम’ म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. संस्कृतातील ‘युग’ हा त्याचा सख्खा भाऊ, आणि मराठीतले ‘जू’ त्याचेच पुढचे रूप. सब्जुगेट म्हणजे जुवाखाली आणणे, कॉन्जुगल म्हणजे एका जुवाला जोडलेल्या दोघांविषयीचे. शेतीच्या घरात वाढलेल्या मुलाला सब्जुगेट शिकवताना ‘अंकित करणे’ असा कोरडा अर्थ देण्यापेक्षा हे सांगावे. डिलिरियमचेही तसेच : ‘दे’ म्हणजे पासून दूर, आणि ‘लिरा’ म्हणजे नांगराचे तास. तास सोडून भरकटलेला नांगर, ते भ्रमिष्टाचे बोलणे.

उपसर्गांतही असे नाते सापडते. ‘इंटर’ आणि ‘अंतर्’, ‘प्रो’ आणि ‘प्र’, ‘सुपर’ आणि ‘उपरि’, नकारार्थी ‘इन्’ आणि ‘अन्’, तसेच ‘सब’ आणि ‘उप’ या जोड्या खरोखरच्या आहेत. सबर्ब म्हणजे ‘सब’ आणि ‘उर्ब्स’, म्हणजे नगर. त्यासाठी उपनगर हा शब्द योजणाऱ्याला हे नाते ठाऊक असो वा नसो, पहिला घटक नात्याचा आहे आणि दुसरा अर्थाने जुळतो. पण येथे सावध राहावे लागते. ‘कॉम’ आणि ‘सम्’ यांचा अर्थ सारखा आहे, काम सारखे आहे, ध्वनीही जवळचे वाटतात. तरी दोघांची मुळे भिन्न आहेत, आणि कोश त्यांना वेगवेगळ्या पानांवर ठेवतो. अशा पानांवर संस्कृत शब्द पाहून इंग्रजी आणि लॅटिन संस्कृतातून निघाल्या, असा निष्कर्ष काढण्याचा उत्साह आपल्याकडे फार आहे. कोश तसे कुठेही म्हणत नाही. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा बहुधा आज अस्तित्वात नसलेल्या एका समान मूळ भाषेतून आल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले. तारकाचिन्हाची रूपे त्या हरवलेल्या भाषेची आहेत. ती कुठे लिहिलेली सापडलेली नाहीत, तर भगिनीभाषांची तुलना करून मांडलेली आहेत. ज्या संस्कृत शब्दांकडे बोट दाखवून आपण आनंदतो, ते तेथे भावंडे म्हणून उभे आहेत, आईबाप म्हणून नव्हे.

या कोशाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे खोट्या गोष्टींना तो थारा देत नाही. सिन्सिअर या शब्दाविषयी व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांतून एक कथा हमखास ऐकवली जाते : लबाड मूर्तिकार संगमरवराच्या भेगा मेणाने बुजवत, म्हणून प्रामाणिक मूर्ती ती ‘सिने सेरा’, म्हणजे मेणाविना. कथा गोड आहे, टाळ्या मिळवणारी आहे, आणि तिला व्युत्पत्तीचा आधार नाही. तसे या नोंदीत रोखठोक लिहिले आहे. लॅटिनमधील ‘सिन्केरुस’चा अर्थ निर्भेळ, अखंड असा होता, एवढे निश्चित. याउलट कँडिडेटची कथा खरी आहे. रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस शुभ्र झगा घालून लोकांत फिरे, म्हणून तो ‘कँदिदातुस’, म्हणजे शुभ्रवस्त्रधारी. त्याच्या मागच्या ‘चमकणे’ या अर्थाच्या मुळावर गेले की संस्कृतातील ‘चंद्र’ भेटतो. आपल्याकडच्या उमेदवारांनी कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख हा दंडक रोमकडून घेतलेला नाही, तरी नोंद वाचताना हसू येतेच.

नोंदीच्या आरंभी दिलेले साल वाचण्याची सवय करावी. ते शब्दाच्या जन्माचे साल नव्हे, तर इंग्रजीत तो लिखित स्वरूपात प्रथम आढळल्याचे आहे, हे कोशातच सांगितलेले आहे. या सालांवरून लॅटिनचे थर कळतात. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर पुढील काही शतके लॅटिन शब्द फ्रेंचच्या तोंडून, झिजलेल्या रूपात आले. पुढे १६व्या-१७व्या शतकांत विद्वानांनी तेच शब्द ग्रंथांतून थेट, मूळ रूपात उचलले. म्हणून फ्रेल १४व्या शतकात दिसतो आणि फ्रॅजाइल १६व्या शतकात, पण दोघांचे मूळ ‘फ्रागिलिस’ हेच. रॉयल आणि रीगल, लॉयल आणि लीगल या जोड्या अशाच. क्षेत्र आणि शेत, अग्नी आणि आग असे तत्सम-तद्भव शब्द एकत्र नांदवणाऱ्या भाषेच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, आणि दोन्ही रूपांच्या अर्थांत आणि प्रतिष्ठेत फरक का पडतो, हेही समजावून सांगावे लागणार नाही.

आता उणिवा. पहिली गोष्ट म्हणजे ज्याला केवळ आजचा अर्थ हवा आहे, त्याने येथे येऊ नये. व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे, हा इशारा कोशकर्त्याने स्वतःच दिला आहे, पण घाईतला विद्यार्थी तो वाचत नाही. मॅन्युफॅक्चर म्हणजे हाताने बनवणे असा शब्दशः अर्थ निघतो, आणि आज त्यात बहुधा यंत्रच असते. डेसिमेट म्हणजे रोमन सैन्यात शिक्षा म्हणून दहांतील एकाला ठार करणे. आज त्याचा रूढ अर्थ मोठा संहार करणे हा आहे. घटक जोडून अर्थ काढण्याची सवय लागलेला माणूस इन्फ्लेमेबलपाशी हमखास फसतो. तेथील ‘इन्’ नकाराचा नाही, ‘आत’ या अर्थाचा आहे. घाटात आपल्यापुढे चाललेल्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेले असते ते तो पेटू शकतो म्हणून. या गोंधळापायीच सुरक्षेच्या सूचनांत २०व्या शतकात फ्लेमेबल हे रूप पुढे आणले गेले. इन्व्हॅल्युएबलमधला ‘इन्’ मात्र नकाराचाच आहे, तरी अर्थ कवडीमोल असा न होता अनमोल असा होतो. तेव्हा हा कोश उघडताना शेजारी एखादा चांगला अर्थकोश उघडा असणे आवश्यक आहे.

दुसरी उणीव लेखनशैलीची. नोंदी अतिशय आटोपशीर आहेत. एकाच वाक्यात जुनी फ्रेंच, मध्ययुगीन लॅटिन, अभिजात लॅटिन आणि इंडो-युरोपीय मूळ असे चार टप्पे स्वल्पविरामांनी जोडलेले असतात, आणि इंग्रजी बेताचे असलेल्या वाचकाला पहिल्या काही भेटींत ते जड जाते. संस्कृत शब्द रोमन लिपीत, अनेकदा ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणांविना येतात, त्यामुळे ओळखीचा शब्दही क्षणभर परका वाटतो. उच्चार शिकवणे, काठिण्यपातळी ठरवणे, सराव करून घेणे ही कामे कोशाने अंगावर घेतलेलीच नाहीत, त्यामुळे त्यांचा दोष त्याला देता येणार नाही. पण दहावीच्या मुलाला एकट्याने तेथे सोडून देण्यातही अर्थ नाही. शिक्षकाने एक धातू निवडावा, त्याचे पान आधी स्वतः वाचावे, आणि त्यातले सात-आठ शब्द फळ्यावर उपसर्गासह फोडून दाखवावेत. मराठी व्याकरणाच्या तासाला संधी शिकवून झाला असेल, त्याच आठवड्यात हे केले तर दोन्ही विषयांचे भले होईल.

वैद्यकीय आणि विधी शाखांच्या विद्यार्थ्यांना या सेवेचा विशेष लाभ होईल. शरीरशास्त्रातील सबक्लेव्हियन म्हणजे गळपट्टीच्या हाडाखालचे आणि इंटरकॉस्टल म्हणजे बरगड्यांमधले, हे उपसर्ग कळल्यावर नावेच जागा सांगू लागतात. परीक्षा आठ दिवसांवर आलेल्या उमेदवाराने मात्र यादीच पाठ करावी. हे साधन सवडीचे आहे.

पाचपैकी मी या कोशाला चार गुण देईन. कापलेला एक गुण त्या दाट वाक्यरचनेचा आहे. उपसर्गाची नोंद थेट पाहायची असेल, तर शोधचौकटीत त्याच्या अखेरीस संयोगचिन्ह द्यावे, आणि सुरुवात ‘अॅड’पासून करावी, त्याची सगळी रूपे एकाच ठिकाणी सांगणारे ते पान लहान आहे आणि एका बैठकीत वाचून होते.